किनांतीच्या बापाचं नाव

करांगवुनी, क्लातेन
१४ जून २००३

हार्जितो, तुला सलाम.

अक्षर ओळखलंस का, असं विचारणार होतो. मग लक्षात आलं, हे पत्र तुला दुसरंच कुणीतरी वाचून दाखवणार. आपला मामेभाऊ सार्जू सांगत होता, तिकडच्या मशिदीतले हाजीसाहेब गावाची पत्रं वाचून देतात. हाजीसाहेब, तुम्हालाही सलाम. मी आयुष्यभर मास्तरकी केली, त्यामुळे मुद्द्यावर यायला मला वेळ लागतो. सांभाळून घ्या.

इकडे कोरडे दिवस सुरू झाले. साखर कारखान्यामागचा ओढा आटला आहे. आपण म्हशी धुवायचो तिथे आता पोरं पतंग उडवतात. काल संध्याकाळी त्या काठावर बसलो होतो. वारा उसाच्या पानांतून असा येत होता, की शाळेत पन्नास पोरं एका सुरात कवितेचे छंद म्हणताहेत असंच वाटावं. तू वर्गात मागच्या बाकावर बसून नुसते ओठ हलवायचास. ते मला दिसायचं, पण तू माझा भाऊ म्हणून मी सोडून द्यायचो.

आता मुद्दा. किनांतीचं लग्न ठरलं. रजब महिन्यात आहे. मुलाचं नाव सत्रियो, रेल्वेच्या कारखान्यात वीजतंत्री आहे. सरळ मुलगा. कवितेतलं त्याला ओ की ठो कळत नाही, पण आमच्या न्हाणीघरातला दिवा त्याने न सांगता दुरुस्त करून दिला.

सार्जू तुला कळवेलच, म्हणून मीच आधी लिहितो. तू येऊ नकोस.

प्रवास लांबचा. बोट, मग दोन बसगाड्या. तुझी मिऱ्यांची तोडणीही नेमकी त्याच दिवसांत असणार. आणि दुसरं असं, की तिला काही माहीत नाही. तुझी रुमिनी तिला जन्म देऊन त्याच दिवशी गेली, तू ते बाळ माझ्या सुलास्मीच्या ओटीत घातलंस आणि सुमात्राची वाट धरलीस, मी जन्मदाखल्यावर बाप म्हणून माझं नाव घातलं, यातलं एक अक्षरही तिला ठाऊक नाही. गावातल्या जुन्या माणसांना ठाऊक आहे. पण त्यांच्या पोरांना मी शिकवलं, ते बोलत नाहीत.

निकाहाला वली म्हणून मीच बसेन. मुलीचा निकाह बापानेच लावून द्यायचा असतो. वली सख्खा बापच लागतो, पाळणारा चालत नाही, हे मलाही माहीत आहे. पण विचारतंय कोण?

हे पत्र लिहिल्याचं सुलास्मीला सांगितलेलं नाही.

तुझा थोरला,
पार्तोमो


करांगवुनी
५ जुलै २००३

हार्जितो,

तुझं उत्तर मिळालं. हाजीसाहेबांच्या सुरेख अक्षरात दोनच ओळी. 'मी येत नाही. मास म्हणतील तसं.'

रागावून चार शब्द लिहिले असतेस तर बरं वाटलं असतं. इतक्या वर्षांनी 'मास' ही थोरल्या भावाची हाक कागदावर पाहिली आणि चष्मा पुसावा लागला. सोबत मिऱ्यांची पुरचुंडी होती. घरभर वास सुटला. सुलास्मीने विचारलं, "कुणी पाठवले?" मी म्हणालो, "एका जुन्या विद्यार्थ्याने." तशी थाप नाहीच म्हणा. माझ्या वर्गात तू बसलेला आहेस.

काल निकाह कचेरीत गेलो होतो. लग्नाआधी दोन्ही घरांना बोलावून पेंगुलू विचारपूस करतात, तो रिवाजच आहे. हल्लीचे पेंगुलू म्हणजे मुखलिस. आठवतो? तुला आठवणार नाही, तू गेल्यानंतरचा. छंद म्हणताना हमखास श्वास संपायचा त्याचा. आता तोच लोकांचे निकाह लावतो.

किनांती आणि सत्रियो बाहेरच्या बाकावर बसले होते. मास्तरांना पोरं म्हणतात तसं मुखलिस मला अजून पाक गुरूच म्हणतो. मान खाली घालून म्हणाला, "पाक गुरू, माफ करा, सगळ्यांना विचारतो म्हणून तुम्हालाही विचारतो. मुलगी पोटचीच ना? दत्तक वगैरे नाही?"

मी म्हणालो, "हो."

"हो म्हणजे पोटचीच?"

"तुला शाळेत एकदा सांगितलेलं कधी कळलं होतं का, रे?"

तो हसला. कचेरीतले सगळे हसले. मग त्याने पुढचा प्रश्न विचारला. इतकं सोपं होतं ते, हार्जितो. माझ्या पांढऱ्या केसांवर त्याने विश्वास ठेवला. परतताना किनांतीने मला कोवळं शहाळं घेऊन दिलं. म्हणाली, "बापाक, तुमचा चेहरा उतरलाय, ऊन लागलं का?" मी म्हणालो, लागलं.

तिचं नाव किनांती मी ठेवलं, हे तुला कुणी सांगितलं होतं की नाही, कोण जाणे. आपल्या छंदांत किनांती म्हणजे मूल हाताशी धरून चालवण्याचा छंद. ती चालायला लागली तेव्हा मी तिला बोट धरून भाताच्या बांधावरून नेत असे आणि पावलागणिक एकेक अक्षर म्हणत असे. अक्षर संपायचं, बांध संपायचा नाही.

तू एकदा आला होतास. ती चार वर्षांची होती. तुझ्या एका हातात झालरीचा फ्रॉक होता, दुसऱ्या हातात कोंबडा. त्या दिवशी ओसरीवर मी तुला जे बोललो ते हाजीसाहेबांच्या तोंडून तुला पुन्हा ऐकवणं बरं दिसणार नाही. तोडणी नीट पार पडो.

पार्तोमो


करांगवुनी
२८ जुलै २००३

हार्जितो,

सुलास्मीला कळलं.

सार्जूची बायको तिला बाजारात भेटली आणि सहज म्हणाली, "मग हार्जितोभाऊजी कधी येणार? वली तेच ना?" सुलास्मी घरी आली, टोपली उंबऱ्यातच ठेवली. मला वाटलं रडेल. तिने शांतपणे विचारलं, "मुखलिसला काय सांगितलंत?"

मी सांगितलं.

"म्हणजे वली म्हणून तुम्ही बसणार."

"बापाच्या जागी मीच तर होतो ना, सुलास्मी? ताप आला तेव्हा, शाळेत घातलं तेव्हा..."

"तापाचं कोण विचारतंय? आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांना छंदात एक अक्षर चुकलं तर उभं केलंत. आणि इथे अख्खा बाप चुकवताय, होय?"

मी म्हणालो, कुणाला कळणार आहे?

"खोट्या वलीने लावलेला निकाह लागत नाही. उद्या तिला मूल झालं आणि कुणी तोंड उघडलं, तर त्या मुलाचा बाप कोण, हे विचारतील लोक. कायद्याने काय म्हणतील त्याला? हौस तुमची, आणि बिनबापाचं ठरणार तिचं पोर!" मग ती जे बोलली ते मी गेल्या पत्रात टाळलं होतं. आज लिहितो, कारण ती बाजूलाच बसली आहे आणि लिहा म्हणते. "भावाला दाखला नाकासमोर धरून काय म्हणाला होतात? 'कुणाचं नाव आहे बघ. वाच ना. येतं ना वाचता?' दोन यत्ता शिकलेल्या माणसाला असं म्हणालात तुम्ही. तो कोंबडा सोडून गेला. मी तो कापू दिला नाही, म्हातारा होऊन मेला बिचारा."

हाजीसाहेब, हे वाचताना थांबू नका. त्याला सगळं ऐकू द्या.

मी पुन्हा कचेरीत गेलो. मुखलिसने दार लावून घेतलं. माझं ऐकून तो इतका अवघडला, की समोरचे शिक्केच नुसते इकडचे तिकडे करत बसला. म्हणाला, "पाक गुरू, तुम्हाला रागवायची माझी हिंमत नाही. पण असं आहे, जिने जन्म दिला ती बाई त्या वेळी ज्याच्या लग्नाची होती, तो बाप. वाढवणाऱ्याचं पुण्य मोठं, पण त्याने बाप बदलत नाही. दाखल्यावरचं नावही न्यायालयातून दुरुस्त करून घ्यावं लागेल."

"मग मी कोण तिचा?"

"काका," तो म्हणाला. आणि घाईघाईने पुढे म्हणाला, "सख्खा काका."

माझ्या विद्यार्थ्याने मला दिलेला दर्जा. सख्खा काका.

एक वाट आहे म्हणतो तो. बापाला येता येत नसेल तर तिकडच्या निकाह कचेरीत, दोन साक्षीदारांसमोर, त्याने कागदावर अंगठा उठवून दुसऱ्याला आपल्या वतीने बोलायचा अधिकार द्यायचा. तो तू मला दे. मग बोलेन मीच, फक्त तुझ्या वतीने. निकाहात मात्र 'किनांती बिन्ती हार्जितो', म्हणजे हार्जितोची मुलगी, असंच म्हणावं लागेल. मी मुखलिसला विचारलं, घरातल्या घरात, कर्णा न लावता केलं तर? तो म्हणाला, "कर्णा असो नसो, नाव तेच राहील, पाक गुरू."

तेव्हा तो अंगठ्याचा कागद तेवढा पाठव. तू येण्याची तसदी घ्यायला नको, हे अजूनही माझं मत आहे. सुलास्मीचं नाही. ती उठून गेली आहे, म्हणून लिहितो.

पार्तोमो


करांगवुनी
२० ऑगस्ट २००३

हार्जितो,

तुझा कागद आला. अंगठा अगदी ठसठशीत उठला आहे. मी तो कपाटात ठेवणार होतो आणि किनांतीला सांगणं लग्नाच्या आदल्या दिवसापर्यंत लांबवणार होतो. सुलास्मीने कपाटाची किल्लीच काढून घेतली. म्हणाली, "आधी पोरीला सांगा, मग कागद कुठे ठेवायचा ते ती सांगेल."

रविवारी किनांती सोलोहून, तिच्या नोकरीच्या शहरातून, आली. औषधांच्या दुकानातून थेट आलेली, अंगाला तो कडवट वास. आम्ही मागच्या पडवीत बसलो. शेजारी तंबाखूची पानं चिरून बांबूच्या चटयांवर वाळत टाकलेली, सगळं गाव त्या वासाने गुंगलेलं. मी सुरुवात फार सुंदर केली. म्हणजे मला तसं वाटलं. नदीला दोन झरे असतात, रोप एका वाफ्यात उगवतं आणि दुसऱ्यात वाढतं, असं बरंच. तिने मध्येच विचारलं, "बापाक, कुणी आजारी आहे का?"

मग सुलास्मीनेच सांगितलं. चार वाक्यांत.

किनांती रडेल म्हणून मी रुमाल काढून ठेवला होता. ती रडली नाही. बराच वेळ चटईवरची पानं सारखी करत राहिली, आमची नव्हती तरी. मग म्हणाली, "म्हणजे तुम्ही वली बसला असतात तर माझं लग्न लागलं असतं की नसतं?"

"नसतं," मी म्हणालो.

"आणि तुम्ही बसणार होतात."

"तुझ्या मायेपोटी, बाळ..."

"माया राहू दे बाजूला. मला लग्न करायचं होतं, बापाक. खरंखुरं. तुम्ही मला नाटकात बसवणार होतात, आणि मला सांगणारही नव्हतात."

जन्माचं तिने एका शब्दाने विचारलं नाही. तिला लागलं ते हे. गुन्हा जुना असता तर मी तरुणपणावर ढकलला असता. पण हे मी आत्ता, या जूनमध्ये, शुद्धीवर असताना करत होतो.

मी कागद तिच्या हातात दिला. म्हटलं, बघ, त्याने अधिकार दिला आहे, आता सगळं कायदेशीर आहे. तिने अंगठ्याच्या ठशावर बोट ठेवलं. मग घडी घालून कागद मला परत दिला. "ज्या माणसाचं नाव घेऊन माझा निकाह लागणार, तो माणूस मी एकदा बघितला तरी पाहिजे. त्यांना बोलवा."

"तोडणी आहे त्याची."

"त्यांनी सांगितलं का तोडणी आहे म्हणून, की तुम्ही?"

तेव्हा, हार्जितो, ये. लग्न सात सप्टेंबरला, रविवारी सकाळी. आधी दोन दिवस पोहोच. मी स्थानकावर येईन म्हणणार होतो, पण सार्जू येईल. तुला उतरताना पाहून मला काय होईल ते सांगता येत नाही, आणि स्थानकावर माझे बरेच विद्यार्थी असतात.

लाज माणसाला सोडत नाही बघ. लाज वाटायच्या गोष्टीतसुद्धा कोण बघतंय याचाच विचार.

पार्तोमो


करांगवुनी
१३ सप्टेंबर २००३

हार्जितो,

सुखरूप पोहोचलास, असं सार्जूकडून कळलं. तू दोन दिवस इथे होतास आणि आपण धड बोललो नाही. मंडपाच्या बांबूंबद्दल बोललो, भाताच्या वाणांबद्दल बोललो. तू पहाटे अंगण झाडत होतास ते मी खिडकीतून पाहिलं आणि बाहेर आलो नाही. म्हणून पुन्हा कागद.

त्या सकाळचं तुला सगळं माहीत आहे, तरी लिहितो. तू माझ्या डावीकडे होतास, माझा चेहरा तुला दिसत नव्हता.

सत्रियो समोर बसलेला, पांढऱ्या टोपीखाली घाम. मुखलिसने तुला विचारलं, "वली आपण स्वतः बोलणार की मी बोलू?" मला वाटलं, आता तू बोलशील. तुझा तो हक्कच होता. रात्रभर मी मनाची तयारी केली होती, की तू अडखळलास तरी मान वर करायची नाही. आणि तू कर्ण्यातून सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणालास, "माझी जीभ जड आहे. माझे थोरले बोलतील. तिला त्यांनी वाढवलंय, बोलतातही ते चांगलं."

उपकार म्हणून म्हणालास, की शिक्षा म्हणून? दोन्ही नसेल. तुला खरंच वाटलं म्हणून म्हणालास. तेच मला सोसवत नाही.

मी सत्रियोचा हात धरला. जिल्ह्याच्या स्पर्धेत मी एका दमात बारा कडवी म्हटलेली आहेत. सुरुवात ठणठणीत केली. "सत्रियो, तुला मी निकाह लावून देतो, किनांती बिन्ती पार्तोमो..."

साक्षीदार एकदम ओरडले, "नाही, नाही! लागला नाही! पुन्हा!"

पोटातली सवय होती ती. शाळेच्या पहिल्या दिवशी, लस टोचताना, निकालाच्या दिवशी मी तेच नाव पुकारत आलो होतो. मग स्वयंपाकाकडून कुणाचा तरी आवाज आला, "अगं बाई, अडखळायचं ते नवऱ्याने! इथे सासराच अडखळला!" आणि सगळे हसले. वाजिकच्या, त्या चिकट भाताच्या मिठाईच्या, परातीशी बसलेली ती लठ्ठ बू मार्तीच असणार. ती तसं बोलली नसती तर मी तिथेच कोसळलो असतो. ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही त्या क्षणी कळलं, की पाक गुरूंचं काहीतरी आहे.

दुसऱ्यांदा मी हळू म्हटलं. "किनांती बिन्ती हार्जितो, जिच्या वलीने मला अधिकार दिला आहे." तुझं नाव माझ्या तोंडून पूर्ण बाहेर पडलं. कर्ण्याने ते उसाच्या शेतापर्यंत नेलं असेल. सत्रियोने एका दमात कबूल केलं. साक्षीदार म्हणाले, "साह!" निकाह लागला. मग तू दुआसाठी हात वर केलेस. तुझ्या तळहातांना मिऱ्यांचा काळा रंग होता. मी माझे हात पाहिले, खडूची सुद्धा खूण राहिली नाही आता.

नंतर आईबापांच्या पाया पडायची वेळ आली. आमच्या शेजारी तुझ्यासाठी खुर्ची ठेवली होती, आणि तू नव्हतास. आपलं काम झालं असं समजून तू मागे भांडी धुवायला बसला होतास म्हणे. किनांतीने रिकामी खुर्ची पाहिली, आणि गळ्यात मोगऱ्याच्या माळा, डोक्यावर तो जड मुकुट, तशीच उठली. छायाचित्रकार ओरडतोय, "नवरीबाई, कुठे?" ती थेट स्वयंपाकाच्या मांडवात. ओल्या जमिनीवर तुझ्यापुढे गुडघे टेकले तिने. तू साबणाचे हात मागे लपवलेस, असं बायका सांगतात. ती काय म्हणाली, तू काय म्हणालास, ते मी कुणाला विचारलं नाही. ते तुमचं.

मी खुर्चीत गुडघे जुळवून बसलो होतो. सगळे पाहुणे मागे वळून बघत होते. सुलास्मीने माझा हात धरला, आणि मी काय विचार करत होतो, ते तुलाच सांगायला हवं. मी विचार करत होतो, ती परत येईल ना? एवढ्याशा अंगणातून.

ती आली. लुगड्याचा काठ चिखलाने भरलेला. माझ्या गुडघ्यांवर डोकं ठेवलं. पडवीतल्या त्या रविवारपासून माझ्याशी ती कामापुरतंच बोलत होती. मी वाकलो, म्हटलं, "बाळ, भर मांडवात चुकलो. माफ कर."

ती खालूनच, माझ्या एकट्याला ऐकू येईल असं म्हणाली, "बापाक, तुम्ही चुकलात ते मला बरं वाटलं."

हार्जितो, मला आनंद झाला. तू मागे बायकांच्या, भांड्यांच्या गर्दीत उकिडवा बसलेला असताना, तुझं नाव ज्या मांडवात पहिल्यांदा मोठ्याने घेतलं गेलं त्याच मांडवात, मला तुझ्यापेक्षा जास्त मिळालं म्हणून आनंद झाला. आठवडा झाला, तो जात नाही. त्याची लाज वाटते, तीही जात नाही. म्हणून तुला कळवलं. तुला न सांगता ठेवून घेणं म्हणजे पुन्हा दाखल्यावर माझं नाव घालण्यासारखंच झालं असतं.

तुझा थोरला भाऊ,
किनांतीचा सख्खा काका,
पार्तोमो